दोन पायांची दोन मापं

परळ,
६ जानेवारी २०२५

ती. सुंदराअक्कास,
हर्षवर्धनचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून तू ते पुन्हा डब्यात ठेवलंस हे वाचून हसू आलं आणि रागही आला. भायखळा ते परळ अंतर ते किती, पण फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मोबाइलवरचा निरोप तुझ्याआधी राजेश वाचतो. तुझा मुलगा आहे म्हणून भावाबहिणीचं सगळंच त्याने कशाला वाचायचं? तेव्हा आपलं पोस्टच बरं.

इकडे एक चमत्कारिक गोष्ट झाली. गेल्या मंगळवारी खाली पेटीत टपाल बघायला म्हणून घरातल्या सपाता घालून उतरलो. शेजारचे बाबुराव भेटले. पाच मिनिटं बोललो. जाता जाता त्यांनी विचारलं की दुसरी सपात कुठे आहे. खाली बघतो तर उजवा पाय उघडा. ती अकराव्या मजल्यावर लिफ्टच्या दारातच सुटून पडली होती. म्हणजे एवढा वेळ मी एका पायाने अनवाणी चाललो आणि मला पत्ता नाही. बाबुराव हसले, मीही हसलो, पण घरी येऊन बराच वेळ पायाकडे बघत बसलो. मोजे काढलेले असतानाही मोजे घातल्यासारखं वाटतं, हे मी तुला मागे लिहिलं होतं. तेच वाढलंय.

प्रितीने बापाला धरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, तळव्याला नायलॉनचा दोरा लावतो, लागला की हो म्हणा. मी डोळे मिटून बसलो. ते कधी सुरू करतात याची वाट बघत होतो, तर म्हणाले की झालं, उघडा डोळे. दहा ठिकाणी लावला म्हणे. मी एकदाही हो म्हटलं नव्हतं. अकरा वर्षांच्या साखरेने पायातल्या नसा गेल्या, असं त्यांचं म्हणणं. अनवाणी फिरायचं नाही, घरातसुद्धा. पुढे रुंद, आत मऊ, मागे पट्टा असलेलं काहीतरी घ्या म्हणाले.

ते काहीतरी शोधायला दादरला चार दुकानं फिरलो. एकाने सांगितलं, जितकं मऊ तितकं चांगलं. दुसरा म्हणाला, मऊ अजिबात नको, तळ कडक पाहिजे. तिसऱ्याने मापाची पट्टी पायाखाली ठेवली आणि कसं वाटतं असं मलाच विचारलं. मला काही वाटत असतं तर मी त्याच्याकडे कशाला गेलो असतो? चौथ्याने दाखवले ते राखाडी रंगाचे, बेडकाच्या तोंडासारखे. तसलं घालून मी वाचनालयात जायचं? २३ फेब्रुवारीला वाचनालयाला पन्नास वर्षं होतायत. तात्यांनी चाळीच्या एका खोलीत सुरू केलेली ही गोष्ट, आणि आज मी तिचा चिटणीस. स्वागताचं भाषण माझंच आहे. तात्यांच्या मुलाने त्या दिवशी पॉलिश केलेल्या काळ्या बुटांशिवाय उभं राहायचं नाही, एवढं तरी मला कळतं. बाकी सगळा गोंधळ आहे.

माझ्यावर लोभ ठेव, आणि ते यंत्र डब्यातून काढ.
तुझा,
हर्षवर्धन

भायखळा,
११ जानेवारी २०२५

चि. हर्षवर्धन यास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून मला आधी वाटलं तू मस्करी करतोयस. एक सपात हरवून माणूस अकरा मजले उतरतो? पण तू लहानपणीसुद्धा शाळेत एका पायात माझा आणि एका पायात स्वतःचा मोजा घालून गेला होतास, म्हणून विश्वास ठेवला.

इथे ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. खालची मेघना म्हणते, कडकडीत पाण्यात मीठ टाकून पाय बुडवायचे. तिचा नवरा म्हणतो, सकाळी मैदानात गवतावर अनवाणी चालायचं, त्याच्या मामाची साखर त्यानेच उतरली. भाजीवाली म्हणते, कारलं वाटून तळव्याला बांध. मला निम्मं ऐकू येतं आणि निम्मं मी ओठांवरून ओळखते, तेव्हा कारलं होतं की कोरफड होती हेही खात्रीने सांगत नाही.

मग मीच बाजारात गेले. स्टेशनबाहेर एक माणूस सपाता विकतो, आत सगळीकडे रबराचे काटे. त्याच्या पाटीवर पायाचं चित्र आहे, कुठल्या काट्याने पोटातलं काय सुधारतं ते बाणांनी दाखवलंय. साखरेचा काटा वेगळा आहे. त्याने सांगितलं की याने मेलेल्या नसा जाग्या होतात. राजेशच्या हाती पाठवतेय. सकाळ-संध्याकाळ घाल, घरातच घाल, म्हणजे तुझ्या बुटांच्या रुबाबाला धक्का नको. कसं वाटतं ते लिही. मी वाट बघतेय.

प्रितीला आशीर्वाद. पोरगी ऑफिसातून दमून येते, तिला तुझ्या चपला शोधायला लावू नकोस.

मायेची,
सुंदराअक्का

परळ,
२८ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

उत्तराला उशीर झाला, माफ कर. सपाता मिळाल्या. रोज सकाळी तास, संध्याकाळी तास घालतो. प्रितीने एकदा पाय घालून बघितला आणि लगेच काढला, काटे फार टोचतात म्हणाली. मला काही टोचत नाही. बसतात अगदी मऊ, तेव्हा तू उगाच काळजी करू नकोस. तुझ्या माणसाच्या म्हणण्याप्रमाणे नसा जाग्या व्हायच्या असतील तर होतील हळूहळू.

भाषण अर्धं लिहून झालं. काल वाचनालयात खुर्च्या मोजल्या, शंभर कमी पडतात. बूट काढून पॉलिश केले. बरेच दिवस पेटीत होते, म्हणून सवय व्हावी यासाठी घरातच घालून फिरतो. उजवा थोडा घट्ट झालाय असं प्रितीला वाटतं. मला तसं काही जाणवत नाही. गेले चार दिवस बाहेर पडलो नाही, थोडी कणकण आहे. मोज्याला लालसर डाग पडतात, ते बहुधा बुटाच्या आतल्या अस्तराचा रंग जातो त्याचे असावेत. डॉक्टरांकडे पुढच्या महिन्यात जायचंच आहे.

साखर नेहमी एवढी नसते, हल्ली का वाढली कळत नाही. खाण्यात काही बदल नाही.

आठवण ठेव, रागावू नकोस.
हर्षवर्धन

परळ,
५ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
प्रितीचा सप्रेम जयभीम.

राजेशदादा आत्ता ऑफिसात भेटायला आलाय, त्याच्याच हाती हे देतेय, म्हणून घाईत लिहिते. बाबांनी तुला काही सांगू नको असं बजावलंय. तरी सांगते.

बाबांचं २८ तारखेचं पत्र राजेशदादाने आत्ता मला दाखवलं, तू ते आधीच वाचायला दिलं असतंस तर तेव्हाच कळलं असतं. ते म्हणतात काल वाचनालयात गेलो आणि पुढच्याच ओळीत म्हणतात चार दिवस बाहेर पडलो नाही. खरं दुसरं आहे. खुर्च्या त्यांनी फोनवरून मोजून घेतल्या. परवा घरात वास यायला लागला. मी फ्रिज साफ केला, मोरी धुतली, काही मिळेना. शेवटी बाबा झोपले असताना बघितलं तर मोजा पायाला चिकटलेला. पाण्याने भिजवून सोडवला. उजव्या पायाच्या करंगळीखाली जखम होती आणि करंगळी काळी पडली होती. आत्या, मी किंचाळले आणि बाबा शांतपणे विचारत होते की काय झालं. त्यांना खरंच काही दुखत नव्हतं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पायात काय काय घालता ते आणायला सांगितलं. मी बूट नेले आणि त्या काट्यांच्या सपाताही. बाबांनी सपाता कोणी दिल्या ते सांगितलं नाही, दुकानातून घेतल्या म्हणाले. डॉक्टर दोन्हीत हात घालून बघत होते. बूट नेमका तिथेच आवळतो आणि काटेही तिथेच टोचतात. नक्की कशाने झालं असं मी विचारलं, तर म्हणाले की आता सांगता येणार नाही, दोन्ही नको होतं. मला अजून कळत नाहीये की मी कोणावर चिडायचं. तुझ्यावर, बाबांवर, की रोज सकाळी त्यांचे पाय न बघता डबा घेऊन पळणाऱ्या माझ्यावर.

करंगळी काढावी लागेल. लगेच काढली तर पाय वाचेल, थांबलो तर सांगता येत नाही, असं स्पष्ट म्हणाले. आणि बाबा म्हणतात, २३ तारखेनंतर. त्यांचं म्हणणं, दुखत नाही तर घाई कसली. डॉक्टर त्यांना समजावतात की दुखत नाही म्हणूनच घाई आहे, आणि बाबा माझ्याकडे बघतात, जणू डॉक्टर काहीतरी उलटसुलट बोलतायत. ते फक्त तुझं ऐकतात. काहीतरी कर.

तुझी,
प्रिती

भायखळा,
५ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळ

चि. हर्षवर्धन यास,
आशीर्वाद.

राजेश दारात उभा आहे, हे पत्र घेऊन तो असाच परत येतोय. मी स्वतः आले असते. पण मी बोलायला लागले की तू मान हलवतोस, तू बोलतोस ते मला ऐकू येत नाही, आणि शेवटी आपण चहा पितो. कागदावर तुला पळता येत नाही.

सपाता मी दिल्या. तू ते डॉक्टरांपासून लपवलंस, माझ्यापासून जखम लपवलीस. मला वाईट वाटू नये म्हणून ना? मला वाईट वाटलंय. दुपारपासून त्या पाटीवरचे बाण डोळ्यांपुढे येतायत. मी पंच्याहत्तर वर्षांची बाई, चित्र बघून औषध घेतलं. पण ते माझं मी बघेन, त्यासाठी तू पाय घालवायचा नाहीस.

आता तात्यांचं ऐक. तू म्हणतोस तात्यांच्या मुलाने बुटांशिवाय उभं राहायचं नाही. आपला आजा गावात शिरताना वहाणा काढून हातात धरायचा, वाणीआळीतून तसाच जायचा, हे तुला तात्यांनी सांगितलं. म्हणून मुंबईत आल्यावर त्यांनी आधी बूट घेतले आणि मग भांडी, हेही सांगितलं. गिरणीत खात्यात अनवाणी, पण रस्त्यावर बूट. हे सगळं खरं. पण तुझा जन्म दीक्षेनंतरचा, तू लहान होतास, तुला एक माहीत नाही. त्या बुटांनी तात्यांच्या करंगळीला इतकं मोठं कुरूप झालं होतं की ते जिन्यात बसून राहायचे. एका रविवारी त्यांनी आईची विळी घेतली आणि डाव्या बुटाला बाजूने भोक पाडलं. करंगळी बाहेर काढली. मग मोज्यावर तेवढ्या जागी काळं पॉलिश चोपडलं, म्हणजे लांबून कोणाला दिसू नये. मी पॉलिशची डबी धरून बसले होते. मला म्हणाले होते, कोणाला सांगू नकोस, पण पायापेक्षा बूट मोठा नाही. पुढे वाचनालयाच्या उद्घाटनाला ते त्याच बुटांत उभे होते. तू फोटोत बघतोस ते हेच बूट.

साठ वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही. आज तुला सांगितलं, ते तुझ्या हट्टामुळे.

आणि दुखत नाही म्हणतोस, ते मला नको सांगूस. मला ऐकू येत नाही म्हणून रस्त्यावर गाड्या नसतात का? मी दोन्हीकडे बघते आणि मग पाऊल टाकते. तुझे पाय बोलायचे बंद झालेत. तूही बघायला शीक.

उद्या सकाळी हॉस्पिटलात भरती हो. भाषण पुरं करून माझ्याकडे पाठव, २३ तारखेला मी वाचते. रात्रशाळेत शिकलेली आहे, अडखळले तर लोक समजून घेतील.

कडक बोलले तरी माया तीच,
सुंदराअक्का

हॉस्पिटल, वॉर्ड,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि सकाळी पिशवी भरायला प्रितीला सांगितलं. तिने आधी बूट उचलून कपाटाच्या वर ठेवले.

करंगळी गेली. पाय राहिला. जखम अजून उघडी आहे, रोज ड्रेसिंग होतं, महिनोन् महिने लागतील म्हणतात. या पायावर वजन द्यायचं नाही. साखर खाली आली आहे. जखम चिघळल्यानेच ती वाढली होती आणि मी तुला लिहीत होतो की कारण कळत नाही.

पण अक्का, माझ्या डोक्यातला गोंधळ काही संपत नाही. काल दुपारी करंगळीला खाज सुटली. इतकी की मी हात खाली नेला. तिथे पट्टी होती आणि पट्टीखाली काहीच नव्हतं. असलेली चार बोटं मला जाणवत नाहीत आणि जे बोट कापून टाकलं तेच तेवढं जाणवतं. नर्सला सांगितलं तर म्हणाली, होतं असं. डॉक्टरांना सांगितलं तर तेही म्हणाले, होतं असं. का होतं ते त्यांनी समजावलं, मला वाटलं समजलं, आणि ते गेल्यावर पुन्हा काही समजेना. चाळीस वर्षं गोदीत इंजिनं जोडली. बिघाड कुठे आहे ते मी आवाजावरून सांगायचो. स्वतःच्या पायाचं मात्र काही सांगता येत नाही.

तात्यांचा तो फोटो प्रितीला आणायला सांगितला. बरोबर आहे, डाव्या बुटाला बाजूने काहीतरी आहे. मी पन्नास वर्षं ती सावली समजत होतो.

भाषण सोबत आहे. चार पानं. मोठ्या अक्षरात लिहिलंय. पाहुण्यांची नावं चुकवू नकोस, तिसऱ्या पानावर पाणी पी. सपातांबद्दल तू मनाला लावून घेऊ नकोस. घट्ट बूट मी स्वतः निवडले होते.

असाच जीव लावत राहा.
हर्षवर्धन

भायखळा,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षवर्धन यास,
जयभीम, आशीर्वाद आणि अभिनंदन, वि. वि.

कार्यक्रम झाला. शंभर खुर्च्या मागवल्या तरी लोक भिंतीला टेकून उभे होते. राजेशने मला टॅक्सीने नायगावला वाचनालयात नेलं. यंत्र कानात घातलं होतं. माइकपाशी गेले तर त्याने अशी शिट्टी मारली की काढून पदराला बांधलं. मग मला माझाही आवाज येईना. लोकांच्या तोंडाकडे बघत वाचत गेले. पहिल्या रांगेतला एक माणूस कानावर हात ठेवायचा तेव्हा मी हळू व्हायचे.

पहिली दोन पानं नीट झाली. नावं चुकली नाहीत. तिसऱ्या पानावर तू तात्यांच्या बुटांबद्दल लिहिलंयस, त्या चकचकीत बुटांत ते उद्घाटनाला कसे ताठ उभे होते ते. तिथे मी पाणी प्यायले आणि पुढचं मला वाचवेना. कागद खाली ठेवला. जे तुला लिहिलं होतं तेच सांगितलं. विळी, भोक, मोज्यावरचं पॉलिश. मग तुझंही सांगितलं. चिटणीस का आले नाहीत, काय लपवलं, सपाता कोणी दिल्या, सगळं. तुला विचारलं नाही, त्याबद्दल ओरडायचं तर ओरड.

मी थांबले तेव्हा कोणी हलेना. मला वाटलं चुकलंच. टाळ्या मला ऐकू आल्या नसत्या, पण हात हलताना दिसले असते, तेही दिसले नाहीत. मी उरलेलं पान वाचून खाली उतरले आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसले. तेवढ्यात गिरणीतला कुशाबा आला, तू ओळखतोस, तो पांढऱ्या मिशांचा. माझ्यापुढे वाकला. मला वाटलं पाया पडतोय, म्हटलं आपल्यात हे कशाला. तर तो वाकून स्वतःचा मोजा काढत होता. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम. दिवाळीपासून आहे म्हणे, घरात कोणाला माहीत नाही. त्याच्यामागे आणखी एक. मग एक बाई. मी मोजले, सात जण. सात जणांनी त्या कोपऱ्यात पाय दाखवले. ते बोलत होते ते मला ऐकू येत नव्हतं आणि ऐकायची गरजही नव्हती. मी काय करणार, मी काय डॉक्टर आहे? मला कळेना की हे मला का दाखवतायत. प्रितीला हाक मारली. तिने प्रत्येकाचं नाव लिहून घेतलं आणि आज त्यातल्या तिघांना तुझ्याच डॉक्टरांकडे घेऊन गेली.

मी घरी आल्यावर मेघनाला जिन्यात गाठून सांगितलं, गरम पाण्यात पाय बुडवायचा सल्ला पुन्हा कोणाला देऊ नको. तिने बरंच काही उत्तर दिलं. मी यंत्र घातलं नव्हतं.

लवकर बरा हो.
सुंदराअक्का

परळ,
८ जून २०२५

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

आज मी चाललो.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर पादत्राणं बनवणारं खातं आहे. तिथे मानसी नावाची मुलगी आहे, पंचविशीची असेल. तिने आधी कागदावर पायांची आकृती काढली, मग शाईच्या कागदावर उभं केलं. जिथे जास्त भार पडतो तिथे शाई गडद उमटते. माझ्या पायाचं काय चाललंय हे मला पहिल्यांदा दिसलं. मी तिला दादरच्या चारही दुकानदारांचं सांगितलं, एक मऊ म्हणतो, एक कडक म्हणतो. ती म्हणाली, दोघंही अर्धं बरोबर सांगत होते, आत मऊ हवं आणि खालचा तळ न वाकणारा हवा. पाच महिन्यांचा गोंधळ तिने एका वाक्यात सोडवला. मग म्हणाली, तुमच्या दोन पायांची आता दोन मापं आहेत, जोडी दुकानात मिळणार नाही.

रंग कुठला विचारलं. मी काळा सांगितला. वर चामडं, पुढे रुंद, मागे पट्टा, आणि उजव्या बुटात नसलेल्या बोटाच्या जागी मऊ उशी. शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या माणसांचे वाटतात. पॉलिश चालेल का म्हणून विचारलं, तर हसली आणि चालेल म्हणाली, पण घालण्याआधी रोज आत हात घालून बघायचं आणि काढल्यावर आरशात तळवे बघायचे.

घरापासून वाचनालयापर्यंत गेलो. वाटेत तीनदा थांबलो, कारण पाय जमिनीवर टेकला की नाही ते कळत नव्हतं, बघूनच कळत होतं. कोणी माझ्या पायांकडे बघतंय असं वाटत होतं. कुशाबा तिथे होता, त्याची जखम भरत आली आहे. त्यानेच माझे बूट नीट निरखले आणि बनवणारीचा पत्ता मागितला. घरी येऊन आरशात बघितलं, तळवे स्वच्छ आहेत. करंगळीची खाज अजून कधी कधी येते. आता मी हात खाली नेत नाही.

पुढच्या रविवारी तुझ्याकडे यायचं ठरवलंय. प्रिती सोबत आहे, जिना हळूहळू चढेन. बेल तुला ऐकू येणार नाही, म्हणून दहा वाजता दार उघडं ठेव. एकच अडचण आहे आणि ती आधीच लिहितो, नाहीतर दारात उभा राहून मला बोलता येणार नाही. डॉक्टरांनी घरातसुद्धा अनवाणी पाऊल टाकायचं नाही असं बजावलंय. तळ पुसून घेईन, पण तुझ्या घरात मला पायातलं न काढता यावं लागेल. तुझी हरकत नसेल तर उंबऱ्यातूनच हाताने आत ये म्हणून खूण कर.

येईपर्यंत माया अशीच असू दे, आल्यावर प्रत्यक्ष घेईन.
तुझा,
हर्षवर्धन